पेंटबॉल नुकतंच सुरू केलंय, बजेट बेताचं आहे. पहिली गन कोणती घेऊ? लांब बॅरलची घ्यावी का?

प्रश्नात गन आहे, बॅरल आहे, मास्क मात्र कुठेच नाही. म्हणूनच लिहायला बसलो, नाहीतर गन सुचवणाऱ्यांची इथे काही कमी नाही.

आमच्या दाजींनीही सुरुवात गनपासूनच केली होती. इलेक्ट्रॉनिक मार्कर (म्हणजे पेंटबॉलची गन), चौदा इंची बॅरल, बॅटरीवर चालणारा लोडर (गोळ्या भरायचा डबा), सगळं एका दमात. खिशात जे उरलं त्यात मास्क आला, तोही एकेरी लेन्सचा. मी नेमकं उलटं केलं होतं. थर्मल लेन्सचा चांगला मास्क विकत घेतला आणि गन मैदानावरची भाड्याची वापरली. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "हा चष्मा लावून लढाईला निघालाय." लोक हसले. मी गप्प बसलो, कारण ते मोठे आणि नात्याने दाजी.

दुसराच गेम. हवा दमट, पळून पळून सगळ्यांना धाप लागलेली. दाजी माझ्या शेजारच्या बंकरमागे, म्हणजे आडोशामागे, बसले होते आणि त्यांची लेन्स आतून वाफेने पांढरी झाली होती. त्यांनी गन मांडीवर ठेवली, मास्कची हनुवटीकडची कड दोन बोटांनी उचलली आणि रुमालाचं टोक आत सारून लेन्स पुसायला लागले. गेम चालू असताना! मी ओरडलो, "दाजी, मास्क खाली घ्या!" तेवढ्यात बंकरच्या कडेवर एक गोळी फुटली आणि रंगाचे शिंतोडे त्यांच्या हनुवटीवर उडाले. रेफरीने शिट्टी मारून गेम थांबवला आणि त्यांना दिवसभरासाठी बाहेर बसवलं. ते आजही म्हणतात की रेफरी जरा जास्तच कडक होता. अहो, ०.६८ कॅलिबरची गोळी, वजन तीन ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला २८० ते ३०० फूट. डोळ्यावर बसली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. रेफरीने आणखी काय करायचं होतं?

तेव्हा पहिला खर्च मास्कवर. थर्मल म्हणजे दुहेरी लेन्स, मध्ये हवेचा थर, त्यामुळे वाफ सहसा धरत नाही. मास्क एएसटीएम एफ१७७६ या मानकाचा आहे ना ते बघा. एअरसॉफ्टचे (प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या खेळाचे) गॉगल चालत नाहीत, कोणी कितीही सांगू दे.

आता गन. साधी मेकॅनिकल सेमी-ऑटो घ्या (बॅटरी नाही, ट्रिगर एकदा ओढला की एक गोळी), वापरलेली मिळाली तर उत्तमच. टिपमन ९८ कस्टमसारखी घेतलीत तर ॲलन कीने उघडता येते, सुटे भाग मिळतात, आणि गळती झाली तर बहुतेक वेळा एखादी ओ-रिंग (रबरी कडी) बदलून भागतं. लोडर ग्रॅव्हिटीचा, म्हणजे गोळ्या वजनानेच खाली पडतात असा, पुरे, नव्या माणसाला त्याहून वेगाने गोळ्या उडवायची गरजच नसते. गोळी ढकलायला सीओटूपेक्षा (कार्बन डायऑक्साइड) एचपीएची, म्हणजे जास्त दाबाने भरलेल्या साध्या हवेची, टाकी बरी. सीओटूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, भराभर फायर केलं की टाकी गार पडते आणि वेग घसरतो. फक्त मैदानावर कोणती हवा भरून मिळते ते आधी विचारा.

बॅरलबद्दल मात्र सविस्तर सांगणार, कारण हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. लांब बॅरलची गोळी लांब जाते, हे दाजींचं पेटंट वाक्य. कशी जाईल? क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, सगळ्यांना वेगाची एकच मर्यादा आहे. त्याच वेगाने सुटलेली तीच गोळी, त्याच कोनात मारली तर जवळपास तेवढीच जाणार. साधारण आठ-दहा इंचांपलीकडे बॅरल वेगात फारसं काही घालत नाही, आवाज थोडा कमी करते इतकंच. फरक पडतो तो गोळी आणि बोअर (बॅरलच्या नळीचा आतला व्यास) जुळल्याने. बॅरल गनवरून काढा, मागच्या तोंडात गोळी ठेवा. आपोआप घरंगळून बाहेर पडली तर बोअर मोठा. अडकून बसली आणि जोरात फुंकूनही हलेना, तर लहान. फुंकरीसरशी निघाली की जमलं. आणि गोळ्या ताज्या हव्यात. आवरण जिलेटिनचं असतं, दमट हवेत ते फुगतं, मऊ पडतं, गोलाई जाते. असल्या गोळ्या चौदा इंचांतून मारा की चोवीस, वाकड्याच जाणार. दाजींना हे मी क्रोनोजवळ उभं राहून दाखवलंय. त्यांचं उत्तर एकच, "तुझी गन भाड्याची, तुला काय कळणार."

दर आठवड्याला खेळणार असाल तर भाडं महाग पडतं, तेव्हा स्वतःची गन लवकर घ्या, हे कबूल. चष्मा असेल तर मास्क चष्म्यासकट घालून बघा. वापरलेला मास्क घेतलात तर लेन्स नवी टाका, आणि जवळून गोळी बसली की पुन्हा बदला. थर्मल लेन्स पाण्यात बुडवू नका, दोन थरांत पाणी शिरतं. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे तर अजिबात नको. वापरलेली टाकी घेताना तिच्यावरची हायड्रो टेस्टची (टाकी दाब सोसते का याच्या तपासणीची) तारीख वाचा. बऱ्याच टाक्यांना ती दर ५ वर्षांनी करावी लागते, मुदत संपली असेल तर मैदानावर भरून देत नाहीत. आणि गनसोबत बॅरल सॉक (चुकून सुटलेली गोळी अडवणारी, बॅरलच्या तोंडावर चढवायची पिशवी) नसेल तर तो वेगळा घ्या, खेळ सुरू नसताना तो बॅरलवर नसला तर लगेच हटकतात.