ट्रेकमध्ये साप चावला तर वरच्या बाजूला घट्ट दोरी बांधावी का?

नाही, दोरी, रुमाल, पट्टा काहीही आवळून बांधू नका. फुरसे आणि घोणस यांचं विष चावलेल्या जागेच्या मांसपेशींचीच नासधूस करतं. त्यात रक्तपुरवठा तोडला तर हातपाय गमावायची वेळ येते. शिवाय दवाखान्यात गाठ सोडली की अडकलेलं विष एकदम शरीरभर पसरतं. म्हणूनच भारतातल्या सर्पदंश उपचाराच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आवळपट्टीला मनाई आहे. चिरा देणं, तोंडाने विष ओढणं हे तर सिनेमापुरतंच ठेवा.

करायचं ते एवढंच: अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट सूज यायच्या आत काढा. चावलेला पाय काठीला ओढणीने सैलसर बांधून स्थिर ठेवा. रुग्णाला चालवू नका, उचलून खाली न्या. रेंज मिळताच १०८ लावा आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

एक लक्षात ठेवा, दुखत नाही म्हणजे विषारी नव्हता असं नाही. मण्यार चावल्याचं कधीकधी जाणवतही नाही.