बंदरातली होडी रंगवताना
कोकणातल्या हर्णै बंदरात चित्र काढायला जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ अवश्य पाहा, कारण भरतीनंतर सुमारे सहा तासांत ओहोटी लागून पाणी उतरते आणि तेवढ्यात नांगरलेली होडी खाली तर जातेच, शिवाय नांगराभोवती फिरून तिची नाळही (पुढचे टोक) दुसरीकडे वळते. म्हणून होडीची बाह्यरेषा आणि पाण्याची पातळी आधी पक्की करावी. दोरखंड, जाळी, बावटे स्टुडिओत रेखाटनांवरून भरता येतात. प्रतिबिंब मात्र तिथेच रंगवा. गडद होडीचे प्रतिबिंब बहुधा तिच्याहून किंचित उजळ, तर पांढरीचे किंचित गडद दिसते, आणि हा सूक्ष्म फरक फोटोत बहुतेक हरवतो. बांधा अभ्यासायचा असेल, तर जून-जुलैच्या मासेमारीबंदीत, पावसाची उघडीप साधून, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांसमोर निवांत बसावे. पाण्याखाली एरवी झाकलेला तळाचा बाक तेव्हाच नीट दिसतो.