शेतातली माती कुंडीत का रुसते?

प्रश्न: गावाकडच्या शेतातली काळी, कसदार माती पोत्यांत भरून आम्ही पुण्याला आणली आणि गच्चीवरच्या १२ इंची कुंड्यांत जास्वंद, मोगरा व कढीपत्ता लावला. शेतात याच मातीत ऊस आणि गहू उत्तम येतो. कुंड्यांत मात्र दोन महिन्यांतच पाने पिवळी पडू लागली. पाणी घातले की ते वर साचून राहते आणि एक-दोन दिवस नाही घातले तर माती कडेने सुटते. तळाशी विटांचे तुकडे व खडी यांचा चार बोटे जाडीचा थर दिलेला आहे. आमचे काय चुकले?
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुमची माती वाईट नाही, ती कुंडीच्या कामाची नाही एवढेच. काळ्या मातीत चिकणमातीचे अतिशय बारीक कण भरपूर असतात. ते पाण्याने फुगतात आणि सुकले की आकसतात. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांमुळे जमीन आपोआप उकरली जाते आणि खाली कित्येक फूट माती असल्यामुळे वरचे पाणी सतत खाली ओढले जाते. कुंडीत ही ओढ फूटभरावर संपते, तळाची माती ओलीगच्च राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. कडेला पडलेल्या फटीतून तुम्ही घातलेले पाणी थेट छिद्रावाटे निघून जाते, म्हणजे मातीचा गोळा मध्ये कोरडा आणि तळाशी चिखल, अशी दोन्हीकडून कोंडी होते.

खडीच्या थराबद्दल सांगायचे तर मीही कित्येक वर्षे तो श्रद्धेने देत आलो होतो. तो का निरुपयोगी आहे, हे स्वयंपाकघरातच पाहता येते. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरावा आणि ठिबकणे पूर्ण थांबू द्यावे. मग न पिळता तोच स्पंज उभा करावा, की खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळू लागते. मातीचा थर जितका उथळ, तितके पाणी त्यात अडून राहते. शिवाय बारीक मातीतले पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते दोहोंच्या सीमेवरच थांबते. त्यामुळे चार बोटे खडी घातल्याने चिखलाचा थर चार बोटे वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. छिद्रावर खापरीचा एक बाकदार तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

आता मिश्रण. माप वजनाने न घेता एकाच डब्याने किंवा घमेल्याने घ्यावे: दोन घमेली लाल किंवा पोयटा माती, एक घमेले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत, एक घमेले धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धे घमेले भाताचे तूस किंवा जाड वाळू. बांधकामावरची कृत्रिम वाळू घ्यायची असेल तर तिच्यातली भुकटी धुऊन काढावी, नाहीतर तीच भुकटी पोकळ्या बुजवते. तुमची काळी माती टाकून देऊ नका. लाल मातीच्या दोन घमेल्यांपैकी अर्ध्या घमेल्याच्या जागी ती चालेल. १२ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. तयार मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे: लाडू वळला पाहिजे, पण बोटाने टोचताच तो फुटला पाहिजे. फुटला नाही तर तूस वाढवावे.

शेणखत कुजले आहे की नाही, याची खात्री मात्र हाताने करून घ्यावी. त्याला शेणाचा वास येत नसावा, ढिगात हात घातल्यावर ऊब लागू नये आणि कडब्याच्या काड्या ओळखू येऊ नयेत. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या कुंडीत येतात आणि मग रोप मुळापासून कुरतडले जाते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून त्याची दाबून बनवलेली वीट भिजवून दोन-तीनदा पाण्यातून पिळून घ्यावी. (५ किलोची वीट फुगून ६०-७० लिटर होते, बादलीत भिजवायला घेऊ नका.) कोकोपीट वरून सुकलेले दिसते तेव्हाही आत ओले असते, त्यामुळे पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे आत घालून पाहावे.

कुंडी काठोकाठ भरू नये. वर दोन इंच जागा ठेवावी. पाने पिवळी पडण्याचे कारणही एकदा तपासा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीयुक्त मातीत किंवा बोअरच्या जड पाण्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. सगळेच पान पिवळे पडून गळत असेल तर रोप हळूच गोळ्यासकट बाहेर काढा. काळी, मऊ, कुजका वास येणारी मुळे दिसली तर ती कापून लगेच नव्या मिश्रणात लावा.

प्रश्न: टोमॅटोचा हंगाम संपल्यावर कुंडीतली माती फेकून द्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: फेकू नये. मुळे वेचून माती ओलसर करावी, एप्रिल-मे महिन्यांत पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ पसरून कडा दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात राहू द्यावी. काळ्या कागदापेक्षा पारदर्शक कागदाखाली माती अधिक तापते. नंतर तीन घमेल्यांना एक घमेले खत मिसळावे. मुळांवर गाठी दिसल्या असतील तर तो सूत्रकृमींचा (मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींचा) उपद्रव आहे; त्या मातीत पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी किंवा मिरची न लावता झेंडू लावावा.

प्रश्न: नुसत्या कोकोपीटमध्ये झाडे लावल्यास गच्चीवरचा भार कमी होईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: होईल. १२ इंची कुंडीभर ओली माती साधारण २०-२५ किलो भरते, कोकोपीट त्याहून बरेच हलके. मात्र त्यात पोषण जवळजवळ नसते, तेव्हा दर आठ-दहा दिवसांनी पातळ द्रवखत देत राहावे लागेल. वाऱ्याच्या गच्चीवर उंच झाडाची कुंडी कलंडते, तिथे निम्मी तरी माती ठेवा.