आधी जागा, मग रंग

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. लालबागच्या त्या चाळीत तुम्ही रहिवाशांच्या आठवणी गोळा करून जिन्याच्या भिंतीवर चित्रे काढायला गेलात आणि एका आजींनी 'चित्रं राहू देत, चावी कधी मिळणार ते सांगा' असे सुनावले. तेव्हापासून तुला वाटते आहे की पुनर्विकासात कलावंताचे काम म्हणजे विकासकाच्या पत्र्याच्या कुंपणाला रंग देणे. आजींचे पूर्ण बरोबर आहे. तुझे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

तू लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी वस्तीची छायाचित्रे पाठवलीस. ओस पडलेल्या घरांच्या खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या तिथल्या रहिवाशांनी रंगवल्या, रस्त्यात कुंड्या मांडल्या, बाजार भरवला, आणि २०१५ साली तिथल्या कामासाठी 'असेम्बल' या वास्तुरचनाकारांच्या गटाला टर्नर हे ब्रिटनमधले कलेचे पारितोषिक मिळाले. तुला त्यात रंगवलेल्या खिडक्या दिसल्या, मला २०११ हे साल दिसते. त्या वर्षी रहिवाशांनी जमिनीसाठी स्वतःचा सामुदायिक न्यास स्थापन केला आणि पुढे केर्न्स स्ट्रीटवरची दहा घरे त्या न्यासाकडे आली. पारितोषिक त्यानंतरचे. आधी जागा, मग रंग.

हे शहाणपण मला उशिरा आले. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव उठत गेला तेव्हा आमच्यासारखे कितीतरी जण पोवाडे रचत होते, पथनाट्ये करत होते, बंद गिरण्यांच्या दारात डफ वाजवत होते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाचा. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. डफ ऐकायला गर्दी जमत होती, पण ती दुरुस्ती आमच्यापैकी किती जणांनी वाचली होती? मी तरी वाचली नव्हती.

त्यानंतरची चूक तर निव्वळ माझी आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एक चाळ पाडायची होती, तिथे आम्ही छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले आणि मांडवाचा खर्च विकासकाने केला. म्हाताऱ्या बायका आपल्या दाराचा फोटो पाहून रडल्या, आणि त्याच आठवड्यात बरीचशी संमतीपत्रे सह्या होऊन गेली. नव्या इमारतीत सोसायटीच्या कार्यालयाखेरीज एकही सामाईक खोली नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये तालमी करणारे नमन या कोकणी लोकनाट्याचे मंडळ गाड्यांच्या तळात गेले, तिथे रात्री दहाला रखवालदार दिवे मालवतो. नमनातल्या संकासुराच्या सोंगाची उंच टोपी कोणाच्याच कपाटात मावेना, म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याच्या पंपाशेजारी टांगलेली मी पाहिली आहे. आम्हाला नकाशा कोणी दाखवला नव्हता हे खरे, पण आम्ही तो मागितलाही नव्हता. तरीही ते प्रदर्शन वाया गेले असे मी आजही कोणाला म्हणू देणार नाही. त्या दारांचे दुसरे चित्र आज कोणाजवळही नाही.

चाळीचे गोडवे मात्र गाऊ नकोस, त्याने मला संताप येतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. तिथल्या माणसाला ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर त्याने आनंदाने जावे, आणि २०२५ साली वरळीत पहिल्या चाव्या मिळाल्या तेव्हा मलाही आनंदच झाला. पण त्या १६० फुटांत माणसे केवळ झोपत. त्यांची भजने, बारशी, कॅरम, तालमी आणि भांडणे पॅसेजमध्ये व्हायची. नव्या नकाशात खोली मोठी होते आणि पॅसेज उद्‌वाहनाची वाट पाहण्यापुरता उरतो. तुझे काम या हरवणाऱ्या जागेशी आहे, आठवणींशी नव्हे. आठवणी लोक स्वतःच जपतात, त्यासाठी त्यांना तुझी गरज नाही.

मग चित्र कशाचे काढायचे, असे विचारशील. पॅसेजचेच काढ. कोणत्या मजल्यावर कोण, कोणत्या वारी, किती वेळ बसते आणि किती फूट जागा वापरते, हे टेप लावून मोज. भजनी मंडळाचा पखवाज कुठे ठेवतात, गणपतीचे मखर वर्षभर कुठे असते, लेझीम कोणाच्या पोटमाळ्यावर आहे, हे त्या आजींनाच विचार. चावीचा प्रश्न विचारणारी बाई क्षेत्रफळाचा प्रश्न तुझ्यापेक्षा लवकर समजेल. हे सारे जिन्याच्या भिंतीवर मोठ्या नकाशासारखे रंगव, रंग कितीही भडक वापर, आणि सर्वसाधारण सभेच्या दिवशी त्याच्याशेजारी विकासकाचा नकाशा चिकटव. नव्या इमारतीतल्या सामाईक सभागृहाचे क्षेत्रफळ, मजला, सामान ठेवायची खोली, आणि ताबा सोसायटीकडे राहील हे वाक्य, एवढे करारनाम्यात लेखी आल्याशिवाय भिंतीच्या उद्‌घाटनाला कोणालाही बोलावू नकोस. तोंडी आश्वासनावर तर मुळीच नाही. जागा मागताना संकोच वाटला तर पंपाशेजारची ती टोपी आठव.

तुमच्या संस्थेला हे रुचणार नाही, कारण त्यांना मार्चअखेर अहवालासाठी छायाचित्रे हवी असतील. त्यांना अर्धी भिंत रंगवून दे आणि अर्धी मोजमापासाठी राखून ठेव, याहून अधिक तडजोड मला सुचत नाही. सभा कधी आहे ते कळव. मी आदल्या रविवारी येईन, पन्नास फुटी टेप माझ्याकडे आहे. तू खडू आण आणि आजींना सांगून ठेव.

तुझा,
काका