पिशवी गेली, हाडं का झिजली?

प्रश्न : माझी आई 46 वर्षांची आहे. दरवर्षी दिवाळीनंतर वडिलांसोबत ऊसतोडीला जाते. 34व्या वर्षी तिची पिशवी काढली. गेल्या महिन्यात उंबऱ्याला अडखळून पडली आणि मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्याचा टी-स्कोअर उणे 2.8 आलाय, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. घरचे म्हणतात, प्रतिकारशक्ती खालावली, म्हणून रोज गुळवेलीचा काढा देतो. चालेल ना?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : काढा आजच थांबवा. 2021मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा. पण आईंच्या हाडाचं दुखणं प्रतिकारशक्ती कमी पडल्याचं नाहीच. झालंय जवळपास उलटं.

आधी एक शोधा. ‘पिशवी काढली’ एवढंच सांगणाऱ्या बायका मला ओपीडीत रोज भेटतात. सोबत अंडाशयंही काढली का, हे दहाजणींतल्या दोघींनाही ठाऊक नसतं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत असेल तर काढा, त्यावर लिहिलेलं असतं. नुसतं गर्भाशय काढलं असेल तर अंडाशयं आणखी काही वर्षं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन देत राहतात. तीही गेली असतील तर 34व्या वर्षीच ते एकदम आटलं, आणि हाडांना तेव्हापासून बारा वर्षं त्याच्याविना काढावी लागली.

हाडात जुनं उकरणं आणि नवं भरणं कायम चालू असतं. उकरणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, या पांढऱ्या पेशींच्या भावकीतल्या. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही त्याच घराण्यातल्या. हाडातल्या मज्जेत या सगळ्यांचं बिऱ्हाड एकत्रच. त्यामुळे प्रतिकारपेशींनी दिलेली हाक उकरणाऱ्या पेशींना लगेच ऐकू जाते.

इस्ट्रोजेन असेपर्यंत टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या प्रतिकारपेशींचाच एक प्रकार, आवरलेल्या असतात. ते गेलं की त्या चेकाळतात, टीएनएफ आणि रँक-एल ही रसायनं जास्त सोडतात, आणि उकरणाऱ्या पेशींची फौज वाढते. भरणाऱ्या पेशी मागे पडतात. 2000 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. जन्मतः टी-पेशी नसलेल्या उंदरांच्या माद्यांची अंडाशयं काढली, तरी हाड झिजलं नाही. पुढच्याच वर्षी अशा माद्यांना टी-पेशी दिल्या, तर झिजलं. टीएनएफ बनवू न शकणाऱ्या टी-पेशी दिल्या, तर पुन्हा झिज नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. सगळीकडे मात्र असंच उत्तर आलं नाही, काही प्रयोगांत टी-पेशींविनाही झिज दिसली. म्हणजे गुन्हेगार एकटा नाही. बायकांच्या मज्जेतही पाहिलंय : पाळी गेलेल्या, हार्मोन न घेणाऱ्या बायकांच्या टी आणि बी पेशींवर रँक-एल जास्त आढळलं. 2016मध्ये तर कळलं की आतड्यात एकही जंतू नसलेल्या उंदरांत इस्ट्रोजेन जाऊनही ही झिज होत नाही. टी-पेशींना चिथावणी तिथूनही मिळते.

यावरून ‘प्रतिकारशक्ती दाबायची गोळी द्या’ असं कृपा करून म्हणू नका. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टिरॉइडनं हाडं आणखी ठिसूळ होतात.

उपचार आहेत. ड-जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढावं लागेल, पण या टी-स्कोअरला आणि मोडलेल्या मनगटाला तेवढं पुरणार नाही. हार्मोन द्यायचं का, हे स्तनांची तपासणी आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास पाहून डॉक्टर ठरवतील. डेनोसुमॅब हे इंजेक्शन नेमकं रँक-एललाच अडवतं. दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं, आणि मध्येच सोडलं तर झिज उसळून मणके पिचकू शकतात. तुमच्या घरी नेमकी हीच अडचण आहे. तारीख येईल तेव्हा आई कुठल्या फडावर असतील? मुकादम रजा देईल? खात्री नसेल तर वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायच्या झोलेड्रोनिक अॅसिडबद्दल विचारा. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि दात तपासून घ्या.

मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं यंदा नको. आगाऊ उचल अजून घेतली नसेल, तर घेण्याआधी वडिलांशी हे बोला.