डुकराच्या दीड महिन्याच्या पिल्लांना आंबवलेला भाजीपाला घातला तर चालेल का, आणि किती?

तुम्ही विचारलंय की मंडईतला टाकाऊ कोबी-फ्लॉवरचा पाला बॅरलमध्ये आंबवून ठेवलाय, पिल्लं दीड महिन्याची झालीत, तर घालू का? आणि शेवटी लिहिलंय, "डुक्कर काहीही पचवतं असं ऐकलंय." या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय.

मोठ्या डुकराबद्दल ते अर्धवट खरं आहे. पिल्लाबद्दल साफ खोटं. या वाक्यापायी माझी तीन पिल्लं गेली आणि सख्ख्या भावाशी अबोला धरायची वेळ आली.

आम्ही चंदगड तालुक्यातले. भात, रताळी, थोडा काजू, आणि गेली बरीच वर्षं यॉर्कशायर डुकरं. माल गोव्याला जातो. रताळी काढली की वेलांचे ढीग बांधावर पडतात, बेळगावच्या मंडईतला कोबीचा पाला जवळपास फुकट मिळतो. खाद्याचा दर बघता हे सोडून देणं मला पटेना, म्हणून मी मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा हवाबंद करून मुरवायच्या, पद्धतीनं पाला आंबवायला लागलो. पाला अर्धा दिवस सुकवायचा, बोटाच्या पेराएवढा बारीक चिरायचा, 100 किलोला 10 किलो ताजा भाताचा कोंडा, अर्धा किलो मीठ, थोडा गूळ. पायानं तुडवून बॅरल गच्च भरायचं, वर प्लास्टिक आणि वाळूचं पोतं. तीन आठवडे हात लावायचा नाही. विकतचं विरजण लागत नाही. पाल्यावरचे जंतू पुरेसे असतात, त्यांना फक्त हवा मिळू द्यायची नाही.

2018 च्या श्रावणात मी दोन दिवस सासुरवाडीला गेलो. दादाला सांगून गेलो होतो की डाव्या हाताचं बॅरल उघडायचं नाही, त्याचं प्लास्टिक फाटलंय, आत पावसाचं पाणी गेलंय. त्यानं नेमकं तेच उघडलं, का तर ते दाराजवळ होतं. वरच्या थरावर पांढरी लव आली होती, मधेमधे हिरवे-काळे ठिपके. बायको म्हणाली, "भावजी, ह्याला वास येतोय." दादा म्हणाला, "आगं, डुकरालाच घालायचंय न्हवं? त्येला काय वास नि काय!" आणि दोन घमेली पिल्लांच्या गव्हाणीत ओतली. वरच्या थरात न चिरलेली अख्खी पानं होती, तीही तशीच गेली.

मी आलो तेव्हा नऊपैकी चार पिल्लं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती. अंगावरचे केस उभे, मागचा भाग ओला, आणि शेपट्या सरळ लोंबत होत्या. पिल्लू धड असलं की शेपटीला वेढा असतो, तो सुटला की समजायचं. एक मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचलं. तीन गेली. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी एक उघडून बघितलं, पोटात पानांच्या चिंध्या तशाच होत्या. बुरशी आणि अपचन, असं ते म्हणाले.

दादा तेव्हापासून आजतागायत म्हणतो, "तुझ्या आंबटानं मारली." दर दिवाळीला जेवताना हा विषय निघतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आंबटपणा पिल्लाचा शत्रू नाही, उलट मदतनीस आहे. पिल्लाच्या जठरात स्वतःचं आम्ल कमी तयार होतं. आईचं दूध पितं तोवर दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होऊन भागतं. दूध तोडलं की तो आधारही जातो, आणि नेमकी तेव्हाच हगवण लागते. नीट आंबलेल्या पाल्यात तेच लॅक्टिक आम्ल असतं, ताकातलं. पण कुजणं वेगळं आणि आंबणं वेगळं. चांगलं बॅरल उघडलं की लिंबाच्या मुरलेल्या लोणच्यासारखा वास येतो, पान पिवळसर-हिरवं दिसतं, बोटात धरलं तर अजून करकरीत लागतं. बिघडलेलं बुळबुळीत होतं, खवट लोण्यासारखा वास येतो आणि तो हाताला दिवसभर राहतो. आंबटपणा मोजायचा पीएच कागद मिळाला तर बघा, आकडा 4 च्या आसपास हवा. दादानं घातलं ते आंबलेलं नव्हतं, कुजलेलं होतं.

आता तुमचं. दूध तोडल्यावर पहिला आठवडा काहीही नवीन घालू नका. मग खुराकाच्या किलोमागे एक मूठ, अगदी बारीक चिरून, खुराकातच कालवून. 20 किलो वजन होईपर्यंत मी दोन मुठींच्या वर जात नाही. कारण सरळ आहे: 100 किलो कोबीत 90 किलोच्या वर पाणी असतं. पिल्लाचं पोट एवढंसं, ते पाण्यानं आणि चोथ्यानं भरलं तर वाढणार कशावर? त्या वयाला 20 टक्के प्रथिनांचा खुराक लागतो, पाला त्याची जागा घेऊ शकत नाही. चोथा पचवणारं मागचं आतडं तयार व्हायला वेळ लागतो. खरी बचत 30 किलोच्या पुढे आणि गाभण माद्यांवर होते. पिल्लांवर बचत करायला जाऊ नका.

आणखी काही राहिलं. मंडईच्या पाल्यात हिरवे किंवा कोंब आलेले बटाटे असतील तर वेचून काढा, आंबवल्यानं त्यातलं विष जात नाही. फ्लॉवरच्या पाल्यावर औषध कधी मारलंय ते विचारा. मीठ घातलंय म्हणजे पिल्लांपुढे पाणी कायम हवं, पाणी संपलं तर तेच मीठ जिवावर उठतं. आणि हॉटेलचं उरलेलं त्या बॅरलमध्ये चुकूनही नको. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात सापडला, त्यावर औषध नाही, आणि तो कच्च्या, अर्धकच्च्या मांसातून पसरतो. आंबवलं म्हणजे निर्धोक झालं असं त्या बाबतीत अजिबात धरू नका.

वरचा चार बोटं थर दिसायला चांगला असला तरी काढून खड्ड्यात टाकायचा. आमच्याकडे ते काम आता दादाच करतो.

पिल्लांचं वजन किती आणि दूध कधी तोडलं ते लिहा, मग प्रमाण नेमकं सांगतो.