टँकमधला सकर तळ्यात सोडू का?

प्रश्न : ताई, तीन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी दोन फुटी टँक घेतला. काच साफ ठेवतो म्हणून दुकानदाराने बोटाएवढा काळा मासा सोबत दिला. आता तो फूटभर झालाय, त्याला वळायलाही जागा नाही. मुलगा म्हणतो, कात्रजच्या तळ्यात सोडू, सुखाने जगेल. सोडावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, कृपा करून सोडू नका. जगेल हे मुलाचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मला भीती त्याचीच वाटते.

तुमच्याकडचा मासा बहुधा सकर आहे, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, त्यामुळे आपल्याकडचा मासाखाऊ पक्षी किंवा मरळ त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पाण्यातला प्राणवायू संपला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. पुण्याच्या सांडपाण्यात रोहू गुदमरेल, हा तगेल. नर काठाच्या मातीत हातभर खोल बीळ करून अंडी राखतो. अशी बिळं वाढली की काठ ढासळतो.

कात्रजचं तळं भरलं की पाणी आंबिल ओढ्यात, तिथून मुठेत, पुढे भीमेतून उजनी धरणात. उजनीत सकर आधीच आहेत. उजनीकाठच्या भिगवणला एकदा पहाटे जाळं वर येताना मी शेजारी उभी होते. चिलापीपेक्षा सकरच जास्त. (चिलापीही बाहेरचीच, आफ्रिकेतली, तिने आपल्या माशांचं काय केलं तो वेगळा विषय आहे.) सकर पाठीवरचा आणि बाजूच्या परांचा काटा ताठ करून फाशात रुततो. तो ओढून निघेना. शेवटी त्या दादांनी विळीने जाळंच कापलं, एका माशामागे चार-पाच फासे. मग मासा काठावर फेकला, कारण बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. डोकं आणि चिलखत काढलं तर मांस मूठभर. तासाभराने परत निघालो तेव्हाही तो कल्ले हलवत होता. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो धरणावरच्या मच्छीमारांचा धंदा याच माशाने बसवला. आणि 2020 साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला.

हे सगळे कुणीतरी सोडलेले किंवा निसटलेले मासे. एक मासा काय करणार, असं प्रत्येकाला वाटलं असणार.

आता तुमच्या माशाचं. आधी दुकानदाराला परत घ्यायला सांगा. त्यानेच दिलाय, हक्काने सांगा. नाही घेतला तर मोठा, निदान पाच-सहा फुटी टँक असलेला कुणी हौशी माणूस शोधा. तोवर पाणी आठवड्यातून दोनदा थोडं थोडं बदला आणि काकडीची चकती बुडवून ठेवा, कारण नुसत्या शेवाळावर एवढ्या माशाचं पोट भरत नाही. कुणीच मिळालं नाही तर पशुवैद्याकडे न्या. ते औषधाने त्याला शांतपणे, कायमचं झोपवतील. मुलाला हे जड जाईल. पण त्याला खरं कारण सांगा, त्याला कळेल.

आणि टँकचं पाणीसुद्धा ओढ्यात ओतू नका, त्यातून गोगलगायी आणि पाणवनस्पती जातात. कुंड्यांना घाला, झाडं छान वाढतात.